टिकलीखालचा बदामी

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमच्या मालकांनी एक नवीच सवय लावून घेतली. सकाळी चहाचा कप हातात घेतला की माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "आज कंच्या रंगाचं नेसलीस?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन्ही मुली सासरी गेल्या, पण माझ्या साडीकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी "आमसुली," म्हटलं आणि गॅसकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मी ट्रंकेच्या तळाच्या साड्या वर काढल्या. नवीन एकही घेतली नाही, पण आज ही, उद्या ती असं करून नेसायला लागले. रंगांची नावं मला आईकडून आलेली. अबोली, डाळिंबी, निळ्यातला चिंतामणी. त्यांना साडीतला तांबडा, निळा, हिरवा एवढाच ठाऊक. मी नाव सांगितलं की ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणायचे आणि मग चहा प्यायचे. या वयात असं काही वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. मुलींनाही मी सांगितलं नाही.

त्यांचं काम जुन्या गाड्या आतून रंगवायचं. उन्हानं डॅशबोर्ड आणि दारांची आतली बाजू पांढुरकी पडते, ती घासून परत पहिल्या रंगावर आणायची. शाहूपुरीत मागच्या गल्लीत पत्र्याची शेड आहे. मुली गेल्यापासून मीही जाते. साबणाच्या पाण्यानं आतलं पुसून काढणं, काचांना कागद चिकटवणं माझ्याकडे. गिऱ्हाईक आलं की मी गाडीच्या पलीकडं होते. मला परक्या माणसाशी बोलता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा बाईंना सांगायलासुद्धा मी गेले नव्हते.

उन्हाळ्यात मलकापूरकडचे एक शेतकरी आणि त्यांची बायको जुनी गाडी घेऊन आले. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिला आणि नातीला घरी आणायचं होतं. डॅशबोर्डाचा रंग पार उडाला होता. डाव्या बाजूला टिकल्यांची ओळ होती. घाटात घाम आला की कपाळाची टिकली काढून तिथं लावायची, अशी त्या बाईंची सवय. हे सगळं काढावं लागेल, असं मालकांनी सांगितलं, तशी बाईंनीच नखानं एक टिकली उचकटली. खाली गोल बदामी ठिपका, गाडी नवी असतानाचा.

बाई नवऱ्याला म्हणाल्या, "बगा, माझ्या टिकलीनं झाकलं तेवढंच ऱ्हायलं. तुमी नुसती गाडी हाकलीसा." मग आमच्या मालकांना, "पावणं, ह्योच रंग पायजे. टिकलीखालचा." आणि दोघं नातीला झबली घ्यायला बाजारात गेली.

मालकांनी रंग कालवला. डॅशबोर्डातल्या कप्प्याच्या झाकणाला आतून, कुणाला दिसणार नाही असा एक हात मारला. वाळल्यावर मला हाक मारली आणि म्हणाले, "बघ गं, मिळालाय न्हवं?"

असं त्यांनी मला आधी कधी विचारलं नव्हतं. मी वाकून बघितलं. ठिपका बदामी होता आणि यांचा रंग चुलीतल्या राखेसारखा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर लहान पोरानंही सांगितलं असतं. त्यांच्या कामात मी कधी बोललेली नाही. पण रोज सकाळी रंगाचं नाव सांगायची जिभेला सवय झाली होती, तिनंच घात केला.

"ह्यो राखाडी झाला," मी म्हटलं. "तो बदामी हाय."

ते खाली डब्यावर बसले. रंग ढवळायची काडी पुसायला लागले.

"मला दोन्ही एकच दिसत्यात," ते म्हणाले. "दिवाळीपासनं. सकाळी तुझी साडी बघतो, मनात एक रंग धरतो, आणि तू सांगतीस दुसराच."

मग हळू आवाजात म्हणाले की रंगाऱ्याला रंग दिसत नाही हे बाहेर कळलं तर दारात गाडी कोण लावील. डॉक्टरकडे जायची भीतीही तीच होती. तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर?

मी काचेवरचा कागद नीट करत उभी राहिले. त्यांची काळजी तर होतीच. पण ट्रंकेच्या तळाच्या त्या साड्याही डोळ्यांपुढे आल्या. सकाळचा प्रश्न माझ्यासाठी नव्हता.

ते बसूनच होते. शेवटी मीच पिवळ्याची बाटली त्यांच्या हातात दिली. "मी सांगते, तुमी टाका," म्हटलं. थेंब थेंब करून पिवळा, मग किंचित तपकिरी. दर वेळी काडी ठिपक्याशेजारी टेकवून मी बघायची आणि ते माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवली तेव्हा त्यांनी फवाऱ्यात रंग भरला. हात त्यांचाच, थर कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही.

संध्याकाळी त्या बाईंनी बोटानं ठिपक्याची जागा शोधली. सापडेना. "वाळलाय न्हवं?" असं विचारून त्यांनी कपाळाची टिकली काढली आणि लावली तिथंच. त्यांचे मालक कपाळाला हात लावून हसले.

पुढच्या आठवड्यात मीच आमच्या मालकांना दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या बाईशी मीच बोलले. मोतीबिंदू निघाला. पावसाळ्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर चहाच्या वेळी ते खिडकीतून समोरच्या भिंती, झाडं, दोरीवरचे कपडे बघत बसायचे. मला काही विचारायचे नाहीत. विचारायचं कारणच उरलं नव्हतं. मीही हाताला येईल ती साडी नेसू लागले.

एका सकाळी कप खाली ठेवून ते म्हणाले, "ही चिंतामणी म्हणत हुतीस ती न्हवं? हिचा रंग उडालाय की."

"कवाच उडालाय," मी म्हटलं.

"मग चिंतामणी का सांगत हुतीस?"

"तुमी रंग इचारलासा. उडाला का न्हाय, ते कुटं इचारलं?"

ते उठून आले. माझ्या पदराचा काठ हातात घेतला आणि शिवणीपाशी दुमडलेली कड अंगठ्यानं उलटी केली, गाडीचं काम घेताना जुना रंग शोधतात तशी. आतला रंग तसाच होता, घेतली त्या दिवसाचा. ते खिडकीच्या उजेडाकडे वळले, मलाही पदरासकट वळावं लागलं.

"चिंतामणी," ते म्हणाले. चहा तिथंच निवत राहिला.