चुलीवर टांगलेला माइक

नागपूर सोडताना माझ्याकडे लाउडस्पीकरचा भोंगा, त्याची पेटी, मोटारीची बॅटरी, पत्रकांचा गठ्ठा आणि एक माइक होता. माइक भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने तो उघडून आतला खडा दाखवला. चिंचेत जे आम्ल असतं त्याचंच हे मीठ म्हणे. आवाजाचा दाब पडला की खड्यातून वीज निघते आणि भोंगा बोलतो. "हेच मीठ औषधवाले जुलाबाला देतात," तो म्हणाला. "पोटात गेलं तर चालतं, ओल लागलेली चालत नाही. जपा."

मी निघालो होतो तेही मिठासाठीच. आलापल्लीच्या बाजारात व्यापारी जंगलातल्या बायांकडून मापभर चारोळी घेतो आणि बदल्यात मापभर मीठ टाकतो. स्वराज्यात! हे तिथे जाऊन मोठ्याने सांगायचं होतं.

चांद्याहून मोटारीने आष्टी. तिथे वैनगंगा डोंग्यातून (लाकूड कोरून केलेल्या होडीतून) ओलांडली. नावाडी भोंग्याकडे बघत म्हणाला, "कोनाचं लगन हाये जी?" मी त्याला पत्रक दिलं. त्याने त्यात तंबाखू बांधली.

पुढे लाकडाचा ट्रक मिळाला. दोन्ही बाजूंना साग, अनेक बुंध्यांवर सरकारी नंबर. झाडांची एवढी काळजी आहे, तर ज्यांच्या घरात मीठ नाही त्या माणसांची नोंद कोण ठेवतं, असं मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "बॅटरी पकडा, सांडून राह्यली."

आलापल्लीजवळच्या टोल्यावर (छोट्या वस्तीवर) दसरूभाऊ आणि जैनीबाई या गोंड जोडप्याकडे उतरलो. जैनीबाईंनी गेल्या बाजारी त्या मापाने चारोळी दिली नव्हती, म्हणून घरात मीठ नव्हतं. उद्याच्या बाजारात बाकीच्या बायाही अडून बसल्या नाहीत, तर जैनीबाईंची टोपलीही जुन्याच मापाने जाणार होती. आंबील अळणी होती. पोरं ती तोंड वाकडं करून प्यायली. तेवढ्यात वळीव आला आणि छप्पर गळू लागलं. मी माइक बाईंच्या हाती देऊन बजावलं, काही झालं तरी ओल लागू देऊ नका.

सकाळी माइक पेटत्या चुलीच्या बरोबर वर, धुरात, माहूलच्या पानांत बांधलेल्या बियाण्याच्या पुड्यांशेजारी टांगलेला होता.

"हे काय, बाई?"

"तुमीच त म्हनलं ना जी, वल लागू देऊ नोका. बिजाई आमी इथीच टांगतो. कीडबी लागत नाई."

बाजार झाडांखाली दूरवर पसरला होता. टोपली सोडून सभेला येणं बायांना शक्य नव्हतं, म्हणूनच भोंगा आणला होता. मी तारा जोडल्या आणि "बहिणींनो" म्हणालो. भोंगा खरखरला आणि गप्प बसला. माइक उघडला. चुलीच्या धगीने आणि वाफेने खड्याचा पांढरा चिकट लगदा झाला होता. दसरूभाऊंनी बोट लावून चाखला.

"खारट हाये. भाजीत चालंन का?"

"जुलाब होतील."

"मंग व्यापाऱ्याले देऊ."

मी नुसत्या गळ्याने ओरडू लागलो. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, "काऊन बोंबलून राह्यला रे? बैल हरपला का?" बाजार हसला.

जैनीबाईंनी आपल्या टोपलीवर पानं झाकली आणि शेजारणीकडे वाकून गोंडीत काहीतरी सांगितलं. शेजारणीने पलीकडचीला सांगितलं. त्यात माझ्या भाषणातलं किती होतं, कोण जाणे. मला गोंडी येत नाही. पण एकेका टोपलीवर पानं पडत गेली. टोकाच्या काही जणींनी आधीच चारोळी देऊन टाकली होती.

व्यापाऱ्याने हाका मारल्या, मग शिव्या दिल्या, मग चहा घेतला. ऊन उतरल्यावर तो म्हणाला, मापाला दोन मापं मीठ.

"नाही!" मी ओरडलो. "दहा मापंही कमीच आहेत! उठू नका!"

जैनीबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी ऱ्हा जी अळणी. माह्या लेकरायले मीठ पायजे." आणि त्यांनी पानं काढली. बाकीच्यांनीही काढली.

परत येताना चांद्याच्या मोटारीत मी नवं पत्रक लिहायला घेतलं. दोन मापं ही लूटच आहे, असं त्यात आहे, आणि ते खरंच आहे. हा आमच्या सभेचा विजय आहे, असं त्यात नाही, कारण सभा झालीच नाही. दुपारी जैनीबाईंनी बांधून दिलेला भात आणि चिंचेच्या कोवळ्या पाल्याची भाजी काढली. शेजारच्या प्रवाशाला दिली, तर त्याने एका घासातच हात मागे घेतला. भाजी खारटढोण होती. मी सगळी खाल्ली.