न लागलेला खिळा

ललिता पेडणेकर आणि मी लालबागच्या एका मंडळाकडून नऊ वर्षं कबड्डी खेळलो. ती डाव्या कोपऱ्यात, मी तिच्या शेजारी. चढाईला आलेल्या मुलीचा पाय जरा आत पडला की ललिता खाली बसून घोटा धरायची, आणि तो घोटा मग सुटायचा नाही. त्या पकडीवरच तिला खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागली. लग्नानंतर माझा खेळ सुटला, तिचा नाही. सेहेचाळिसाव्या वर्षीही बँक सुटली की ती थेट मैदानावर यायची, कुंपणाशी चपला काढायची आणि मुलींना शिकवायला अनवाणी मातीत उतरायची.

गेल्या मार्चमध्ये बँकेत आरोग्य शिबिर होतं. ललिता रांगेत उभी राहिली ती नानांसाठी. नाना म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचे, निवृत्तीला आलेले आणि सुईला घाबरणारे. नानांची साखर एकशे अठरा निघाली. ललिताची तीनशे बेचाळीस.

"परत घ्या," ती तपासणाऱ्या बाईंना म्हणाली. "सकाळी प्रसादाचा शिरा खाल्लाय. बोटाला लागला असेल."

बाईंनी बोट पुसलं आणि दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं. तीनशे एकावन्न.

दुसऱ्या दिवशी ती उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन आली. संध्याकाळी मला तिचा फोन आला. आधी तिने सगळे आकडे वाचून दाखवले. मग म्हणाली, "सुनेत्रा, रिपोर्टवर नाव माझंच आहे गं. वयपण माझंच आहे."

परळच्या डॉक्टरीणबाईंकडे मी तिच्याबरोबर गेले. त्यांनी सगळे कागद नीट वाचले. "डायबेटिस आहे, आणि आजकालचा नाही," त्या म्हणाल्या. "दोन-तीन वर्षं तरी असणार."

"मी रोज ग्राउंडवर असते, मॅडम. गोडसुद्धा फार खात नाही."

"म्हणून तर तुमच्या लक्षात आलं नाही. तहान लागायची? वजन उतरलं?"

ललिता माझ्याकडे बघायला लागली. मला तिच्या नजरेला नजर देता येईना. दोन वर्षांत ती सात किलो उतरली होती, आणि हळदीकुंकवाला चार बायकांच्या देखत मीच तिला म्हटलं होतं, काय करतेस ते आम्हालापण सांग की. मैदानावर ती बाटलीमागून बाटली पाणी प्यायची तेव्हा आम्ही म्हणायचो, उन्हाळाच कडक आहे.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, जेवणाचं सांगितलं, चार महत्त्वाच्या गोष्टी समजावल्या. अनवाणी चालायचं नाही, रोज अंघोळीनंतर तळपाय बघायचे, हेही त्यांनी सांगितलं. ललिता मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, "तीन वर्षं आत बसून होता, आणि मला कळू नये?"

घरी राजेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, फार बोलाचाली न करता सगळं मनावर घेतलं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो. मोजूनमापून राहायची त्याला सवय. त्याने स्वतःचा चहाही बिनसाखरेचा केला. भाताचा ढीग जाऊन वाटीभर भात आला, नाचणीची भाकरी आली. ललिता माशाच्या कढीकडे बघत बसायची आणि म्हणायची, "अहो, हे माझं जेवण नाय." पण जेवायची. गोळ्या मात्र तिने शिवणाच्या डब्यात ठेवल्या होत्या, कुणी आलं तर दिसू नयेत म्हणून. मैदानावर तर कुणालाच काही सांगितलं नाही. मुलींना पकड शिकवायला ती रोज तशीच अनवाणी उतरत होती. मी एकदा पायांचं बोलले, तर म्हणाली, "बूट घालून कोपरा सांभाळता येत नाही. पायाला जमीन कळली पाहिजे."

एप्रिलमध्ये मैदानावरच मंडळाची पूजा झाली. मंडप निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी सराव सुरू झाला. त्या संध्याकाळी ललिताने दोन तास मुलींना घोट्याची पकड दाखवली आणि चालत परळला घरी गेली. वीस मिनिटांचा रस्ता. दारात चपला काढून ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. राजेश बाहेर पेपर वाचत होता.

"ललिता, रक्त कुणाचं?" त्याने विचारलं.

पांढऱ्या लाद्यांवर दारापासून माठापर्यंत लाल ठसे उमटले होते.

"माझं नाही," ती म्हणाली. कारण तिला कुठेच काही दुखत नव्हतं.

राजेशने तिला खुर्चीवर बसवलं आणि डावा पाय उचलून बघितला. टाचेच्या पुढे मंडपाचा एक खिळा डोक्यापर्यंत आत गेलेला होता. चपलेवरही त्या जागी खिळ्याच्या डोक्याचा वण उमटला होता. खिळा पायात घेऊन ती लालबागहून परळपर्यंत चालत आली होती. राजेशचा फोन आल्यावर मी पोचले तेव्हा ती रडत नव्हती. ती पायाकडे बघत होती, जसं कुणी दुसऱ्याच्या पायाकडे बघावं.

त्याच डॉक्टरीणबाईंकडे खिळा काढला, इंजेक्शन झालं, पट्टी झाली. मग डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. "तळपायाला दोरा टेकवते. लागला की हो म्हणा."

ललिता डोळे मिटून बसली. मी आणि राजेश बघत होतो. नायलॉनचा तो दोरा तिच्या अंगठ्याला टेकला, चवड्याला टेकला, टाचेला टेकला. प्रत्येक वेळी टेकून तो वाकत होता.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "करा ना सुरू."

राजेश उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. डॉक्टर म्हणाल्या, "डोळे उघडा. सहा वेळा करून झालं."

जखम भरायला नऊ आठवडे लागले. त्या दिवसांत ती माझ्याशीही जेमतेम बोलली. जूनमध्ये ती मैदानावर आली तेव्हा पायात जाड तळाचे बूट होते. मुली बुटांकडे बघायला लागल्या. तिने आधी सगळं सांगितलं, आकड्यासकट, आणि आवाज कुठे अडखळू दिला नाही. मग सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत माती चाचपायला लावली. अकरा खिळे निघाले.

आता तिची साखर बरीच ताब्यात आहे. डाव्या पायाची साखरेने गेलेली जाणीव परतेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. ती रोज खुर्चीवर पाय घेऊन हाताने तळवा चाचपते. पकड आता तोंडाने शिकवते, आणि अधूनमधून बोलता बोलता थांबते, कारण तिला उठून दाखवायचं असतं.

मागच्या महिन्यात तिने मला ओढतच तपासणीला नेलं. माझी साखर अगदी व्यवस्थित निघाली. ललिताने तो कागद हातात घेतला आणि पुन्हा पुन्हा वाचला. "बरं झालं," ती म्हणाली आणि कागद मला परत दिला.