नसलेल्या विभागाचा शिक्का

माझ्या थोरल्या साडूंइतका गोंधळलेला माणूस सबंध ग्वाल्हेरात झाला नाही, आणि त्या गोंधळात सगळ्यात मोठी भर मी घातली, हे आज सांगून टाकतो. भाऊसाहेब तांत्रिक विद्यापीठात स्थापत्याचे प्राध्यापक. नया बाजारात भाजी आणायला निघाले, की वाटेतल्या दगडी भिंतींवर बोटांनी टकटक करत, कान लावत थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याला पोहोचायचे. एका लग्नात कार्यालयाचा खांब असाच वाजवला आणि "पोकळ आहे, बाहेर व्हा!" म्हणत ऐन मंगलाष्टकांत वऱ्हाड अंगणात काढलं. खांब प्लायवुडचा, नुसता शोभेचा होता.

या टकटकीतूनच त्यांनी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचा एम.टेक. अभ्यासक्रम आखला. निवृत्तीला वर्ष उरलेलं. त्याआधी पहिली तुकडी आपण शिकवावी, एवढीच हौस. नेमकं तेव्हाच विभागांचं विलीनीकरण निघालं. भाऊसाहेब ज्याचे प्रमुख होते तो छोटा विभाग मोठ्यात विरघळला. तरी ते रोज जुन्या खोलीत जाऊन बसत. "सर, बैठिए, मगर ये अब स्टोर है," असं तिथला माणूस सांगे. "हो हो, चहा झाला की उठतो," हे म्हणत.

मी त्याच विद्यापीठाच्या कार्यालयात कारकून, त्यामुळे त्यांच्या प्रस्तावाची फाइल माझ्याच टेबलावर आली. शेजारचे शर्माजी डोळा मारून म्हणाले, "साढ़ू भाई की फ़ाइल तो आज दौड़ेगी!" एवढ्यानं मी बिथरलो. निःस्पृहपणा दाखवायला शेरा मारला: जुन्या विभागाचा शिक्का हवा. तो लागत नव्हता, आणि मला ते ठाऊक होतं.

शिक्का विलीनीकरणात कुठे गेला, देव जाणे. भाऊसाहेब टोपी बाजारातल्या शिक्केवाल्याकडे नवा करायला गेले आणि तसेच परतले. "अरे, जो विभागच नाही त्याचा शिक्का करणं ही बनवेगिरी नाही का? आणि मी अजून प्रमुख आहे की नाही, हे कुणाला विचारू?" शेवटी परवानगीसाठी त्यांनी स्वतःलाच अर्ज लिहिला, आणि उत्तर काय द्यावं ते त्यांना सुचेना. तोवर मंजुरीची बैठक होऊन गेली. ते निवृत्त झाले. "शिक्का माझ्याच हातून हरवला," असं जो भेटेल त्याला सांगत. मी शेजारी बसून ऐकत असे.

पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव मंजूर होऊन अभ्यासक्रम सुरू झाला, शिक्क्यावाचून. पहिल्या तासाला भाऊसाहेब आले आणि वर्गाबाहेर माझ्याजवळ उभे राहिले. भरलेली बाकं पाहून चेहरा फुलला. मग मला राहवेना.

"भाऊसाहेब, तो शिक्का लागतच नव्हता. लोक बोलतील म्हणून मी अडवलं."

"मग मी टोपी बाजारात दोन तास काय करत होतो रे?" म्हणून ते हसले. हसू मधेच थांबलं.

"म्हणजे... यांना मी शिकवलं असतं?"

"हो."

त्यांनी मान डोलावली आणि तास संपेपर्यंत दाराशीच उभे राहिले. मीही हललो नाही.