आखूड हौद्याचे बाबीकाका

बाबीकाका गाऱ्हाणं घातल्याशिवाय पिकअपमध्ये माल चढवत नसत. देवळात नारळ ठेवून घालतात ते गाऱ्हाणं. फक्त काकांचं मालागणिक वेगळं. आमचा फ्रिज आणायला गेलो तेव्हा त्यांनी भर बाजारात हात जोडले होते, "बा देवा म्हाराजा, ह्या थंड कपाट उभ्याक उभा घराक पोचव, आणि मास्तरांच्या बायलेचो राग वाटेतच थंड कर रे म्हाराजा." दुकानातली पोरंसुद्धा एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाली. मीही म्हणालो. गाऱ्हाण्याला "व्हय" म्हणायची आमच्या जिभेला इतकी सवय आहे की डोकं मध्ये येतच नाही.

काका गेल्या शिमग्यात गेले. त्यांची गाडी होती लहान, माल ठेवायचा तिचा हौदा आखूड, जेमतेम पाच फुटांचा. मालवणात मोठ्या गाड्या पुष्कळ होत्या, तरी अवघड सामान असलं की लोक काकांनाच बोलवत. "हौदो आखूड आसलो म्हणान काय झाला? इचार लांब करूचो," असं ते म्हणत.

माझ्या दादासाठी एटीव्ही आणायची ठरली, तेव्हाही मी त्यांनाच फोन केला. किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत फिरवतात ती चार जाड चाकांची गाडी. दादा माडावरून पडला आणि त्याचे दोन्ही पाय अधू झाले, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याने स्वतः लावलेली काजूची बाग वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळपठारावर, आणि तिथे जायला नुसती पायवाट. शेवटी त्याने बाग विकायची ठरवली. "जी डोळ्यांनी बघूक गावना नाय, ती माझी कशी?" म्हणाला. घेणारा सोमवारी येणार होता. तेवढ्यात आंबोलीचं एक बंद पडलेलं रिसॉर्ट आपली मोठी एटीव्ही विकतंय असं कळलं. अंगठ्याने चालणारी, ब्रेक हाताला, पायाचं काम नाही. मी शनिवारी जाऊन पैसे देऊन आलो आणि दादाला सांगितलं, उद्या गाडी दारात.

रविवारी सकाळी रिसॉर्टच्या बांधाला पिकअप टेकवून काका एटीव्हीभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्यो चार पायांचो रेडो घाट उतारतासा, तेका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी आणि तिथला राखणदार.

"मास्तरांनी तेची लांबी शेपटेपासून नाकापर्यंत मोजल्यानी आसा, तेंका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

काकांनी हात सोडले. "देवासमोर व्हय म्हटलास. आता माका सांगा, मोजलास खंयसून खंय?"

मी ताठ मानेने सांगितलं, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, सव्वाचार फूट. पाऊण फूट हौदा उरतो. मी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवतो.

"मगे पुढचा अर्धा चाक आणि मागचा अर्धा चाक आंबोलीतच ठेवया काय?"

राखणदार तोंड फिरवून हसला. मी घाईघाईने म्हणालो, "काका, मागचा फाळका उघडा सोडू. चाकं त्यावर टेकतील. साखळ्या आहेत की दोन."

"साखळे फाळक्याक धरूक आसत, रेड्याक नाय. घाटात एक खड्डो गावलो की ह्यो खाली आणि तुमी रडत वर."

"पण उद्या सोमवार आहे हो."

"म्हणानच आज पोचवूचो आसा. अर्ध्यार नाय."

पुढचे दोन तास ते आंबोलीत घरोघर हिंडले आणि एका बांधकामावरून दोन जाडजूड फळ्या मागून आले. फाळका काढून बाजूला ठेवला. फळ्या केबिनपासून हौद्याबाहेर हातभर येतील अशा लांब टाकल्या, हौद्याच्या कड्यांना बांधल्या. एटीव्हीची पुढची चाकं केबिनला भिडली, त्यांच्या वजनाने फळ्या दबून राहिल्या, आणि कडेच्या चार बोटं बाहेर टेकणारी मागची चाकं त्या फळ्यांवर निवांत बसली. मग चारी कोपऱ्यांना दोर आणि मागे लाल फडकं. मी लाल फडकं धरलं होतं. तेवढंच माझ्याकडे दिलं होतं.

घाट उतरून दाणोलीला त्यांनी गाडी बाजूला घेतली. दोर दोन बोटं सैल पडला होता. "पयल्या उतारार सगळाच ढिला जाता," दोर आवळत ते म्हणाले. "तेका दोष देव नये. परत बांदूचा."

संध्याकाळी दादा गाडीवर बसला, पाठीला उशी बांधून. दोनदा अंगणातल्या तुळशीवर जाता जाता वाचला आणि मग एकटाच सड्यावर गेला. आम्ही खाली वाट बघत होतो. परत आला. हात धुतले, जेवला, आणि म्हणाला, "रान माजलाहा. काजी दिसणतसुद्धा नाय. उद्या येतत तेंका येवंदेत."

मी काकांना फोन करून सांगितलं. ते फक्त "बरा" म्हणाले.

सोमवारी सात वाजता पिकअप दारात. काका कोयता घेऊन उतरले.

"आता काय आणलंस?" दादाने विचारलं.

"काय नाय. माल पोचवलंय तो बसलो काय बघूक इलंय. चल, माका तुझो रेडो चालवून दाखव."

"माका येळ नाय. मानसा येवची आसत."

"ती येयत दहाक. आता सात वाजलेत. तुका खंय आंघोळीक तीन तास लागतत?"

दादा पुढे आणि काका मागे बसून गेले. दहाला घेणारा आला. पडवीत बसून दोन कप चहा प्यायला, मनगटावरच्या घड्याळात बघू लागला. मी शाळेतल्या गमती सांगून त्याला धरून ठेवत होतो आणि तो जांभया देत होता. साडेअकराला दादाचा फोन आला. मागून कोयत्याचे घाव ऐकू येत होते आणि काका कुणाला तरी, बहुधा एखाद्या झुडपालाच, शिव्या घालत होते.

"दादा, ते थांबलेत रे."

"दोन रांगो मोकळे झाले," दादा धापा टाकत म्हणाला. "मोहोर इलोहा. आयकतंस मा? तेंका सांग, बाग बघूची आसात तर वर येवा. इकूची नाय."