दवाखान्यासमोरच्या लॉजवर दोन दिवस

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं आणि मी पिंप भरत होते. गॅसवर दूध, धाकटीची एकच वेणी घालून झालेली, आणि दुकान उघडायची वेळ टळून चाललेली. कारंजा घाडग्यात आमचं लहानसं किराणा दुकान आहे. हे गेल्यापासून शटर मीच उघडते आणि ते रोज अर्ध्यावर अडकतं. तशी शटरला खांदा लावून उभी असताना थोरली मागून म्हणाली, "आई, मी अमरावतीले जाईन, नाईतर वर्ध्याले. नागपूर नको."

श्रुती बारावीला आहे. तिला घरांचे नकाशे काढायला शिकायचंय. दुकानातल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवरही ती खोल्या आखत बसते. तिच्या सरांनी सांगितलेलं कॉलेज नागपुरातलं. आणि नागपूर म्हणजे जिथे तिचे बाबा दवाखान्यात गेले आणि जिथून आले नाहीत ते शहर. ते सगळे दिवस मी तिथे आणि मुली हिंगणीला आत्याकडे होत्या. त्यांनी नागपूर पाहिलेलंच नव्हतं, तरी दोघींना ते नको होतं.

शटर वर गेलं. मी म्हटलं, "एका शनिवार-रविवारी जाऊन येऊ. दवाखाना सोडून बाकीचं नागपूर कसं आहे ते पाहू. मग ठरव."

अशा छोट्या सहलीची तयारी कशी करायची यावर मी फोनवर पुष्कळ वाचलं. लिहिणाऱ्यांकडे बहुधा गाडी असते, आणि गाडी चालवणारा नवरा असतो. आमच्यासारख्यांना उपयोगी म्हणून सांगते. दुकान दोन दिवस बंद राहणार हे गिऱ्हाइकांना आठवडाभर आधीपासून सांगावं, नाहीतर ती दुसरीकडे वळतात. मुलींना एकेक गोष्ट निवडू द्यावी. श्रुतीनं मेट्रो निवडली, आमच्या नववीतल्या मनूनं बर्डीच्या बाजारातली खरेदी. मी काहीच निवडलं नाही. मला झोप हवी होती.

राहायचं कुठे हे मात्र ठरेना. मुलींनी फोनवर हॉटेलं दाखवली. पांढऱ्याशुभ्र चादरी, त्यावर टॉवेलचा हंस. तिघी बायका, अनोळखी जागा, मला भरवसा वाटेना. नागपुरात माझ्या ओळखीची एकच जागा होती, हे दाखल असताना मी राहिले ती, आणि तिचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन लावला, नाव सांगितलं. लॉजच्या काकू म्हणाल्या, "ये बाई, खोली ठेवून देतो." मला हायसं वाटलं. आपण काय केलं हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

शनिवारी सकाळची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा फार भार पडत नाही. कंडक्टरनं विचारलं, "लग्न आहे का ताई?"

"नाही. फिरायला चाललो."

"नागपूरले फिरायले?" तो तिकिटं फाडत म्हणाला. "नागपूरचे लोक इकडं येतेत, बोर धरणावर. तुमचं उलटंच आहे."

मनू हसली. श्रुती खिडकीबाहेर बघत होती. कोंढाळीला बस थांबली तेव्हा संत्री घेतली. थोडी आंबट होती, पण बसमध्ये मळमळणाऱ्यांनी जवळ ठेवावीत. पुढे रस्ता चांगला आहे. मी नागपूरच्या वेशीवरच्या वाडीपर्यंत झोपले.

स्टँडवरून ऑटो केला. आधी भाव ठरवून बसा. लॉजच्या गल्लीत शिरलो तशी मनू दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागली. मेडिकल स्टोअर्स. पॅथॉलॉजी. मेडिकल स्टोअर्स. व्हीलचेअर भाड्यानं मिळेल.  समोर दवाखान्याचं फाटक होतं.

काकू काउंटरवर लसूण सोलत होत्या. मला बघून उठल्या, माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू विचारलं, "आता पेशंट कोण आहे?"

"कोणी नाही काकू. मुलींना घेऊन फिरायला आले."

"फिरायले? माह्या लॉजवर?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाई, इथं आजवर फिरायले कोणी आलं नाई."

खोलीत गेल्यावर श्रुतीनं बॅग पलंगावर टाकली. "दवाखाना सोडून बाकीचं दाखवतो म्हणलं होतं ना तू?"

"मला नागपुरात दुसरं काही माहीतच नाही गं," मी म्हटलं. ते खरं होतं आणि माझ्याजवळ तेवढंच उत्तर होतं. दुसरीकडे जाऊ या, असंही सुचवलं. तिनं नको म्हणून मान हलवली. थोड्या वेळानं भिंतीकडे बघत म्हणाली, "या खोलीत खिडकी चुकीच्या बाजूनं काढली. उजेडच येत नाई." मी त्याला समेट समजले.

दुपारी बर्डीला गेलो. मनूला कानातले आणि एक स्वेटर घ्यायचा होता. सांगतात त्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा, मनू त्याहून खाली सुरू करते. मग मेट्रो. स्टेशन स्वच्छ, वर जायला सरकता जिना. मनू दोनदा चढून आली. गाडी झाडांच्या वरून जाते आणि लोकांच्या गच्च्या दिसतात. वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या. श्रुती काचेला नाक लावून होती. शहर असं वरून बघायला मिळेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी फुटाळ्याला तलावाच्या काठावर बसलो. मक्याचं कणीस खाल्लं. पाय दुखत होते. आजूबाजूला जोडपी, पोरंटोरं, फुगेवाले. मी एवढे दिवस याच शहरात होते आणि हा तलाव मला माहीत नव्हता. औषधांची सगळी दुकानं मात्र माहीत होती.

"बाबांनी हे पाहिलं होतं?" मनूनं विचारलं.

"लग्नाआधी, मित्रांसोबत. सांगत होते."

 परत येताना मेट्रोत श्रुतीला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. उद्याही तिला नागपूर नकोच असलं तर आपण काय करणार, याचा मी विचार करत होते.  लॉजवर आल्यावर पडले आणि झोपले.

रविवारी सकाळी चहासाठी मागच्या स्वयंपाकघरात गेलो. या लॉजचं सगळ्यात चांगलं तेच आहे. ओट्यावर ओळीनं शेगड्या आहेत. गावाकडून आलेले लोक आपापल्या पेशंटसाठी तिथे रांधतात. एक बाई मुगाच्या डाळीची खिचडी ढवळत होती. मनू साखर शोधत तिच्या शेजारी गेली आणि तिथेच थांबली.

"आई, याच्यावर बाबाचं नाव आहे."

पातेलं आमचं होतं. लग्नात माझ्या भावानं दिलेलं. काठाखाली दोन नावं कोरलेली, त्यांचं आणि माझं. खिचडी वर आली होती आणि नावाच्या जवळ फेसाचा डाग पडला होता.

"हे आमचं आहे," मनू त्या बाईला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. बाई गोंधळली. "घेऊन जा माय, मी दुसऱ्यात ओततो," म्हणाली आणि फडकं शोधायला लागली.

काकू दारातून आत आल्या. "मनूबाई, इथलं भांडं घरी न्यायचं नसते. पेशंट बरा झाला तरी नाई, नाई झाला तरी नाई. मागून येणाऱ्याले लागते. तुयी आई ठेवून गेली ते."

मनू माझ्याकडे बघत होती. मीच ठेवलं होतं. हे गेले त्या दिवशी सगळे जसं करतात तसं केलं, आणि खरं तर ते घरी आणून त्यात डाळ शिजवायचं माझ्यात बळ नव्हतं. आता ते न्यावं की राहू द्यावं, मला कळेना.

श्रुती पुढे झाली आणि तिनं शेगडी बारीक केली. "राहू द्या मावशी. उतू चालली." मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "याच्यात काय करायची तू बाबासाठी?"

 मी सांगितलं. हीच खिचडी. रोज म्हणायचे, मीठ कमी आहे, आणि डॉक्टरांनी कमीच सांगितलं होतं. दवाखान्याजवळच्या फुटपाथवरून आणलेलं जुनं प्रवासवर्णन मी त्यांना वाचून दाखवायची, एका बाईनं लिहिलेलं, डोंगरातलं, बर्फातलं. शेजारच्या खाटांवरचेही ऐकायचे. एक आजोबा विचारायचे, "बाई पोचली का वर?" मी दहावीपर्यंत शिकले. प्रवासाचं वाचायची सवय मला त्या वॉर्डात लागली. हे मी मुलींना याआधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं आणि मला वाटे, नको.

ती बाई यवतमाळकडची होती. नवरा दाखल होता. डबा भरून झाला तेव्हा तिच्या हातात पाण्याचा कॅन, चादर, पिशवी, सगळंच होतं. श्रुती म्हणाली, "द्या, डबा मी घेतो." दोघी फाटकातून आत गेल्या. मी आणि मनू बाहेर टपरीवर तर्री-पोहे खात बसलो. मनूच्या डोळ्यांत पाणी होतं. तर्री तिखट आहे, म्हणाली.

आत विचारपूस करून श्रुती बऱ्याच वेळानं बाहेर आली. "बाबाचा वॉर्ड जिन्याच्या डाव्या हाताले होता ना?"

"हो."

"खिडक्या मोठ्या आहेत तिथं," ती म्हणाली. "उजेड चांगला येते." मग तिनं माझ्या प्लेटमधले पोहे संपवले.

दुपारची एसटी भरलेली होती. कोंढाळीपर्यंत उभ्यानं आलो, म्हणून रविवारी सकाळीच परत निघावं हे बरं. जागा मिळाल्यावर श्रुती शेजारी टेकली. म्हणाली, "आई, नागपूरच्या हॉस्टेलले ताट-वाटी आपली आपण न्या लागते का?"

"विचारावं लागेल," मी म्हटलं. एवढंच बोललो आणि दोघींनी डोळे मिटले.

मनू अजून रुसलेली आहे. पातेलं आणायला हवं होतं असं तिला वाटतं, आणि तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. स्वेटर तिला छान बसला. जाणाऱ्यांनी मेट्रो करावी, फुटाळा करावा, राहायला मात्र दुसरी जागा बघावी. थकवा गेला का म्हणाल, तर नाही. उलट पायांत वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं, मनूच्या दोन्ही वेण्या घातल्या, शटर उघडलं. दुपारी दुकान थोडं बंद करून भांड्यांच्या दुकानात गेले. एक ताट, दोन वाट्या आणि एक पातेलं घेतलं, आणि चारही भांड्यांवर श्रुतीचं नाव कोरून आणलं.