म्हाताऱ्यांच्या घरातलं गाऱ्हाणं

शाळा तपासायला साहेब यायचे त्या दिवशी आम्ही काय करायचो ते मला चांगलं ठाऊक आहे. भिंतींना चुना, पोरांच्या नखांना कात्री, आणि जे पोर हमखास उलटंसुलटं बोलणार त्याला घरी बसवायचं. त्यामुळे वेंगुर्ल्याबाहेरच्या म्हाताऱ्यांच्या घराचे व्यवस्थापक जेव्हा म्हणाले, "बाई, कमिटी येणार आहे त्याच दिवशी या, सगळं नीट बघायला मिळेल," तेव्हा मी मनात म्हटलं, कुणाला सांगतोस बाबा. तरी गेले. न जाऊन करते काय?

मी मिठबावची. आईबाप माझ्या लहानपणीच गेले आणि बापाच्या बहिणीने, माझ्या आत्येने, मला वाढवलं. तिला नवरा नाही, मूल नाही. डोक्यावर माशांची पाटी घेऊन गावोगाव हिंडायची आणि मला मात्र शाळेत बसवायची. "माशांचो वास माझ्या एकटीच्या अंगाक पुरे," म्हणायची. मी शिकले, मास्तरीण झाले. लग्न जुळलं नाही. का जुळलं नाही हे विचारणारे आता सगळे मेले, म्हणून तेही सांगत बसत नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढची ही वर्षं. माझी बदली तळेऱ्याला झाली. आत्येची नजर तोपर्यंत जवळजवळ गेली होती, म्हणून तिला बरोबर घेऊन गेले. पण तळेऱ्याला समुद्र कुठला? म्हातारी सकाळी उठून उताराकडे चालायला लागायची. उतार म्हणजे किनारा, हे तिच्या पायांना जन्मभर ठाऊक. तळेऱ्याचा उतार तिला थेट हमरस्त्यावर नेऊन सोडायचा. एकदा एका ट्रकवाल्याने हाताला धरून आणून दिली आणि वर मलाच बोलला, "बाई, म्हातारीला सांभाळा जरा." मी वर्गात, ती रस्त्यावर. कशी सांभाळू?

मिठबावला एकटी ठेवावी, तर विहिरीवर एकदा पडून झालं होतं. उरलं ते म्हाताऱ्यांचं घर. गावात बोभाटा झालाच. "ज्या आत्येन पाटी व्हावन वाढवल्यान, तिका आश्रमात टाकता." तोंडावर कुणी बोललं नाही. पण आमच्या गावात पाठीमागचं बोलणं त्याच दिवशी घरपोच येतं.

मी ठरवलं, आत्येला घेऊन जायचं आणि आधी बघायचं. घर बरं असलं तर तिला ठेवायचं. नसलं तर तिला घेऊन मिठबावला परतायचं आणि नोकरी सोडायची. मग दोघींनी खायचं काय, हा विचार मी मुद्दामच पुढे ढकलला होता.

होडीने खाडी ओलांडून, गाड्या बदलत पोचलो. पूर्वीची काजूची वखार होती ती. लांबलचक, कौलारू. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मध्ये कुडाची भिंत. चुन्याचा वास ताजा होता, तेव्हा मी गालातल्या गालात हसले. मग पदर खोचला आणि साहेब शाळा तपासतात तशी तपासायला लागले. चादर नवी होती, म्हणून चादरीखालच्या गादीचा वास घेतला. पाण्याच्या माठात हात घालून बुळबुळीत लागतंय का बघितलं. म्हाताऱ्यांची नखं बघितली, कापलेली होती, तीही आदल्या दिवशी कापल्यासारखी. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "बरां आसा." जेवण? "बरां आसा." औषध? "तांय बरां आसा." एका म्हातारीला म्हटलं, "वाईट काय ता सांग गो." ती म्हणाली, "वाईट आसान सांगतंय कोणाक?"

आत्ये माझा दंड धरून स्वयंपाकघरात शिरली. तवा अजून थंड होता, शेजारी पाटीत बांगडे होते. तिने एक उचलला, कल्ल्यात बोट घातलं, वास घेतला. "बांगडो आजचो आसा," ती म्हणाली. मग तव्यावरून हात फिरवून, "पण तव्याक माशांची सवय नाय दिसणा." स्वयंपाकीणबाई चपापली आणि मग हसली. खोटं नाही बोलली बिचारी. म्हणाली, एरवी डाळ-भातच असतो, मासे कमिटीसाठी.

तेवढ्यात कमिटी आली. जीपमधून उतरलेले तिघे गृहस्थ, त्यातले मोठे साहेब घाटावरचे. सगळ्या म्हाताऱ्यांना ओसरीवर बसवलं होतं. साहेबांनी चष्मा पुसला आणि अगदी आपुलकीने, पुस्तकी मराठीत विचारलं, "इथल्या व्यवस्थेबद्दल कुणाची काही गाऱ्हाणी असतील, तर अगदी मोकळेपणाने सांगा."

आता घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते देवाला. देवळात नारळ ठेवायचा, गावकऱ्याने देवाला सांगायचं, बाबा रे, हे असं आहे, असं होऊ दे, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला म्हणायचं, व्हय म्हाराजा. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक उंच, वाकलेला म्हातारा हळूहळू उठला. तो आपल्या गावच्या देवळात सगळा जन्म गाऱ्हाणी घालत आलेला माणूस, हे मला मागाहून कळलं. "नारळ हाडा," तो म्हणाला. व्यवस्थापकांना वाटलं पाहुण्यांचा सत्कार असेल. त्यांनी लगबगीने नारळ आणवला.

म्हाताऱ्याने खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला, नारळ पुढ्यात ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ही मोठी माणसां लांबसून आमच्या दारात इली हत. त्येंका सुखरूप आपापल्या घराक पोचव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या घरात दोन वक्ताची चूल पेटता. ती अशीच पेटती ठेव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणाचो झील मुंबैक आसा, कोणाची सून रुसान बसलीहा. त्येंका बरी बुद्धी दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

म्हाताऱ्याने नारळ जरा पुढे सरकवला. "आणि रातचां कोणी हाक मारल्यान, तर ती आयकाक कोणतरी जागो ऱ्हवांदे, म्हाराजा."

ह्या वेळचं व्हय म्हाराजा त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच आलं. आणि त्यात एक आवाज माझ्या अगदी कानाशी होता. माझी आत्ये हात जोडून सगळ्यांबरोबर म्हणत होती.

साहेबांनीही हात जोडले होते. भले माणूस होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. व्यवस्थापकांना म्हणाले, "किती समाधानी माणसं. गाऱ्हाणं एकही नाही." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, गाऱ्हाणं आत्ताच झालं की." ते म्हणाले, "हो, फारच सुंदर झालं." पुढे काय बोलणार, कपाळ? मी व्यवस्थापकांना बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, रात्री इथे कोण असतं? ते खाली बघून म्हणाले, "मी गावात राहतो. रखवालदार फाटकावर असतो, इथवर आवाज जात नाही. रात्रीचं माणूस मिळत नाही हो बाई." कुडाशेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने आत्येला तोवर सांगितलंच होतं. ती रात्री परसाकडे जाताना पडली होती, आणि उजाडेपर्यंत हाका मारत तिथेच पडून होती.

झालं. माझ्यापुरता निकाल लागला. मी आत्येचा हात धरला. "चल गो आत्ये. हयसर ऱ्हवाचा नाय."

आत्ये म्हणाली, "माझा गाठोडा खंय ठेवलंस?"

"कित्याक?"

"खाटीखाली ठेव. माका रातची झोप खंय येता? डोळे गेले, कान आसत. मी आयकान."

तिचे कान मला ठाऊक होते. होड्या किनाऱ्याला लागायच्या आधी अंथरुणातून तिला कळायचं, कुणाची होडी येते आहे ते, आणि ती पाटी घेऊन सगळ्यांच्या आधी वाळूत उभी असायची. पण मला राग आला. वाटेत येताना मी मनाची तयारी केली होती ती तिच्या रडण्याची. ती माझा पदर धरील, नको म्हणेल, आणि मग मी नोकरीवर लाथ मारून तिला घरी नेईन. तिने तर मला सोडलं आणि चार अनोळखी म्हाताऱ्यांना धरलं. मी तोंडाची फटकळ, बोलून गेले, "आणि मी हाक मारलंय तर? ती कोण आयकतलो?"

आत्येने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुका हाक मारूची सवयच नाय गो बाय," ती म्हणाली.

मी एकटी तळेऱ्याला आले. खोली तीच, पण दोन माणसांची भांडी एका माणसाला पुरून उरतात. शाळेत दिवसभर बडबड. शनिवारी दुपारी शाळा सुटली की संपलं. रविवारी माझ्या तोंडातून एक शब्द निघायचा नाही. सोमवारी हजेरी घेताना आवाज असा घोगरा यायचा की पोरं खाली मान घालून हसायची. त्यांना मी कधी दटावलं नाही.

पावसाळ्यात मला ताप भरला. भिंतीपलीकडे घरमालकांचं बिऱ्हाड. त्यांच्या घरात पेला पडला तरी मला ऐकू यायचा, म्हणजे माझी हाक त्यांना नक्की गेली असती. माणसं वाईट नव्हती, धावून आली असती. पण काय म्हणून हाक मारू? वहिनी म्हणू, काकी म्हणू, की नुसतंच ओरडू? ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. भिंत धरून माठापर्यंत गेले, पाणी प्यायले, पडून राहिले. आत्ये बोलली होती ते खरं होतं, आणि ते खरं आहे म्हणून मला रडू आलं.

दिवाळीच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला गेले. ह्या खेपेस कमिटी नव्हती, चुन्याचे पोपडे निघालेले होते. तरी मी माझी तपासणी केली. आत्येची खाट आता मधोमध, कुडाच्या दाराशी होती, म्हणजे दोन्हीकडचं ऐकू यावं. रात्री कुणी हाक मारली की ती काठी आपटून स्वयंपाकीणबाईला उठवायची. बाई आता आतच झोपायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत्ये एकटी रात्रभर जागते, हे रोज सकाळी ऐकून तीच घरी जायची बंद झाली. त्या पडलेल्या म्हातारीने आत्येचे केस विंचरून दिले होते. तव्यावर हात फिरवला, तर माशांची सवय अजून फारशी नव्हती. असू दे.

तापाचं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण न दिसणाऱ्या माणसापासून तोंड लपवता येतं, आवाज नाही. आत्ये म्हणाली, "तुझो आवाज कित्याक बसलोहा?" मी म्हटलं, "बोलूक कोण नाय म्हणान." आणि मग सगळंच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि काठी आपटली. उंच म्हातारा कुडाच्या दारातून वाकून आला. "नारळ हाडा," आत्ये म्हणाली.

मला ओसरीवर उभं केलं. म्हातारे आपापल्या खाटांवरून उठून बसले. म्हाताऱ्याने पंचा गुंडाळला.

"बा देवा म्हाराजा, ही आमची मास्तरीण. थय तळेऱ्याक एकटी ऱ्हवता. तिका हाक मारूची बुद्धी दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ती हाक मारीत, त्या वक्ताक तिका ओ देऊक कोणतरी आसांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आत्येचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घालतात त्याने नुसतं हात जोडून उभं राहायचं, बोलायचं बाकीच्यांनी, असं तिनेच मला लहानपणी देवळात शिकवलं होतं. तरी सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मी एकटी म्हणाले, व्हय म्हाराजा. सोमवारच्या हजेरीसारखा घोगरा आवाज आला, आणि कुणीच हसलं नाही.