टोपलीवालीचं बोट

टोपलीवाली माझी. चित्र माझं आणि बोलणंही माझं. हे आधीच सांगून टाकते, कारण आजही वाशीमच्या बाजारात एखादं जुनं माणूस भेटतं आणि म्हणतं, "बाई, काय गमतीचं कार्टून यायचं हो तुमचं! बंद काहून केलं मंग?" मी बंद केलं म्हणे! हातातली भाजीची पिशवी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटते. इतकी वर्षं झाली, राग काही उतरला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. वडील रेल्वेत गँगमन. आम्ही जऊळक्याला बौद्धांच्या वस्तीत राहायचो आणि मी गाडीनं वाशीमला कॉलेजात जायचे. हात बरा चालायचा. वस्तीत लग्न निघालं की भिंतीवर नावं रंगवायला मलाच हाक. वाशीमहून एक चार पानी साप्ताहिक निघायचं, त्याच्या संपादकांना मी एकदा तीन चौकटींचं चित्र नेऊन दाखवलं. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, दुष्काळी कामावर खडी फोडणारी. संपादक हसले. म्हणाले, "ताई, दर आठवड्याले आणत जा."

चित्राचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, अकोल्याहून बनून यायचा. माझं बारीक अक्षर त्यात शाईनं भरून जायचं, वाचताच यायचं नाही. म्हणून असं ठरलं की ब्लॉकवर नुसतं चित्र, आणि बाईचं बोलणं खाली छापखान्यातल्या खिळ्यांनी, शिशाच्या सुट्या अक्षरांनी, जुळवायचं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणाला दिसलं असतं?

टोपलीवालीची पाठ मी आमच्या शेजारच्या काकूवरून उचलली होती. काकू माझ्या आईबरोबर त्याच रस्त्याच्या कामावर जायची. दिवसभर खडी फोडून, रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन बाकीच्या बाया संध्याकाळी वाकून यायच्या. काकू मात्र खांबासारखी ताठ. टोपलीवाली तशीच. पहिल्या दोन चौकटींत ती ऐकून घ्यायची. तिसरीत तिचं बोट वर जायचं आणि ती बोलायची. दर आठवड्याला हेच. तेच ते बघून लोक कंटाळत कसे नाहीत, असं आमचे कॉलेजातले एक सर नाक मुरडून विचारायचे. अहो, रोज दारात येणाऱ्या माणसाला कुणी कंटाळतं का? उलट एक दिवस नाही आलं तर जीव टांगणीला लागतो. स्टेशनसमोरच्या चहाच्या हॉटेलात पेपर आला की आधी शेवटचं पान उघडायचे. एक जण वाचायचा, दहा जण ऐकायचे, आणि तिसऱ्या चौकटीला सगळ्यांची बोटं वर. मोठ्या माणसांची, बरं का!

एका आठवड्यात मी खडी मोजायची पेटी काढली. मुकादम म्हणतो, "टाक अजून." दुसऱ्या चौकटीत पेटीवर खडीचा डोंगर, तरी मुकादम म्हणतो, "टाक अजून." तिसरीत टोपलीवालीचं बोट: "साहेब, पेटीले बूड हाये, का तुमच्या घरातच उघडते थे?"

कामावर बाया हसून हसून लोळल्या म्हणे. पण रस्त्याचा ठेकेदार निघाला संपादकांचा साडू. संपादकांनी मला बोलावलं. पुढच्या अंकात टोपलीवालीनं हात जोडून ठेकेदाराचे आभार मानायचे, एवढंच काम. मी म्हटलं, "ती हात जोडत नाही."

"अवं, चित्रातली बाई हाये थे! चित्रातल्या बाईले कुठं इज्जत असते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणलेलं चित्र गुंडाळलं आणि बाहेर पडले. मला वाटलं, संपलं.

पुढच्या आठवड्यात स्टेशनवर पेपर उघडला तर टोपलीवाली हजर! तोच पेटीचा ब्लॉक, तोच मुकादम, तेच बोट. खाली बोलणं मात्र नवं: "साहेब, तुमच्यामुळंच आमची चूल पेटते." आणि कोपऱ्यात माझं नाव, दर वेळेसारखं.

घरी पोचायच्या आत बातमी वस्तीत पोचली होती. काकू दारातच उभी. वाचता येत नव्हतं तिला, कामावर कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

"काय भेटलं वं तुले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, काकू, ते मी लिहिलं नाही. ती म्हणाली, "नाव तं तुहंच हाये म्हने." आणि घरात निघून गेली. त्या बाईची पाठ मी घेतली होती, आणि तिलाच वाटलं की मी ती पाठ विकून आले.

दुसऱ्या दिवशी छापखाना गाठला. म्हटलं, माझे ब्लॉक द्या. संपादक शांतपणे चहा पीत होते.

"ब्लॉक मी बनवून आणले. ब्लॉक माहे."

"आणि तिचं बोलणं?"

"ते खिळ्यांचं. खिळेबी माहेच."

काय बोलणार अशा माणसाशी! मी ओरडले, टेबलावर हात आपटला, चहा सांडला. मशीन चालवणारा थांबून बघत राहिला. ब्लॉक मिळाले नाहीत. पुढच्या अंकात पुन्हा तेच चित्र, पुन्हा तेच आभार, या वेळी मोठ्या खिळ्यांत. ठेकेदाराला फारच आवडलं असावं.

त्या रविवारी मी आईची भाकर घेऊन कामावर गेले. काकू माझ्याकडे बघेना. जेवणाच्या सुट्टीत मुकादम मुद्दाम बायांच्या मधोमध उभा राहून पेपर वाचून दाखवत होता. ऐकता ऐकता काकू उठली आणि त्याच्या हातातून पेपर ओढून घेतला. "दाखव बरं, कशी आभार मानून राह्यली थे." बघत राहिली. मग आईला म्हणाली, "अवं पाह्य ना! बोट तं तसंच हाये. उपकार मानतानी कोनी बोट उगारते का?"

आणि काकूनं पाठ ताठ केली, मुकादमासमोर बोट उगारलं आणि म्हणाली, "साहेब, तुमच्यामुळंच आमची चूल पेटते!"

बापा बापा! बायांची अख्खी रांग हसत सुटली. तेच शब्द, पण बोटासकट ती शिवीच झाली. मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग काय, ठेकेदाराची जीप दिसली की बाया बोट वर करून त्याचे आभार मानायला लागल्या. वाशीमच्या बाजारातही पोचलं ते. कुणी काही म्हणूही शकेना, आभारच तर मानत होत्या!

आठवडाभरात संपादक गाडीनं जऊळक्याला आले, आमच्या अंगणात. घाम पुसत म्हणाले, "ताई, एकच चित्र द्या, हात जोडलेलं. मंग तुम्हाले जे काढायचं ते काढा. माह्याजवळच्या सगळ्या ब्लॉकात थे बोटच उगारते हो!"

"तिला हात जोडता येत नाहीत," मी म्हटलं. "मी शिकवलंच नाही."

पुढच्या अंकात तिच्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात आली. ब्लॉक मोडीत गेले असं नंतर कळलं. मी दुसरीकडे चित्रं दिली, मास्तरीण झाले, पण टोपलीवाली पुन्हा काढली नाही. माझी जितीजागती बाई त्या माणसानं जस्ताच्या भावानं विकली, आणि लोक मलाच विचारतात, बंद काहून केलं!

ती जाहिरात आली त्या संध्याकाळी काकूनं मला घरात बोलावलं. चुलीमागच्या भिंतीवर कणकेच्या खळीनं टोपलीवाली चिकटवलेली होती. ते खोट्या आभारांचंच कात्रण होतं, पण तिन्ही चौकटींच्या खालची छापील ओळ विळ्यानं कापून टाकलेली.

काकू म्हणाली, "मले वाचता येत नाही, बाई. पन थे काय बोलून राह्यली, थे मले मालूम हाये."